तारेतला आकडा

शेटलंडमधल्या आमच्या बेटावर टपालकचेरी म्हणजे
माझ्याच घराची पुढची खोली.
एक काटा, एक तारयंत्र, एक स्टोव्ह,
आणि खिडकीत कुणीच न सोडवलेलं लोकरीचं पार्सल.

एकतीस वर्षं मी तारा पाठवल्या.
शब्दामागे पैसे पडत, त्यामुळे माणसं
माझ्यासमोर उभ्याउभ्या शब्द खोडत.
आधी 'प्रिय' जायचा. मग 'आठवण'.
मग हवा कशी आहे ते.
'डोळे तुझ्या आईसारखे', हे दोनदा लिहून
दोनदा खोडलेलं मी पाहिलंय.
उरायचं एवढंच:
मुलगी. सात पौंड दोन औंस. दोघी सुखरूप.

वजन कुणी कधी खोडलं नाही.

मला नवल वाटायचं.
त्या सात पौंडांचं बापानं करायचं काय?
तो तिकडे साउथ जॉर्जियात देवमासे सोलतोय,
ज्यांची नुसती जीभ ओढायला
वाफेचं यंत्र लागतं.

म्हाताऱ्या अँड्रिनाला विचारलं, तर म्हणाली,
हलकी पोरं टेकडीतली माणसं उचलून नेतात.
तिची दोन गेलेली.
त्यांना कुणी काट्यावर घातलं नव्हतं,
तेवढी सवडच मिळाली नाही.

अठ्ठावन्नच्या नोव्हेंबरात ओस्ला आली,
बाळंत होऊन नऊ दिवस झालेले, शालीत पोर.
पार्सलच्या काट्याचं पितळ मी स्टोव्हपाशी धरून ऊन केलं,
वर माझा स्वेटर अंथरला.
स्वेटर वजा जाता चार पौंड तीन औंस.
पोर म्हणजे नुसता तोळामासा.
ओस्ला बराच वेळ काट्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, सहा लिही.

शब्द तेवढेच होत होते.
खोट्याला जादा पेनी पडत नाही.
मी सहा लिहिले,
सरकारी नोकरीतला माझा एवढाच गुन्हा.

मे महिन्यात माणसं परतली.
आठवड्याभरानं लाउरी तिकिटं घ्यायला आला
आणि तिकिटं घेऊनही गेला नाही.
तार आली त्या रात्री, म्हणाला,
कोठीवाल्याकडून सहा पौंड पीठ मोजून घेतलं,
धुतलेल्या पिशवीत शिवलं,
आणि बंकवर कुशीत घेऊन पडलो.
डोळ्यांचा रंग हातात घेता येत नाही, गर्झी.
नाक नाही, रडणं नाही. वजन येतं.
बराकीतल्या बाराही जणांनी आळीपाळीनं घेतलं तिला.
एक नॉर्वेचा, पाच पोरांचा बाप, सारखा ओरडायचा,
मान धर! अरे, मान!
पिठाच्या पिशवीची.

जानेवारीच्या बोटीनं नर्सबाईचं पत्र आलं.
त्यात खरा आकडा होता.

माझे कान तापले. मग? मी विचारलं.

मग पिशवी उसवली.
जवळजवळ दोन पौंड काढायचे होते.
मला काढवेना. नॉर्वेवाल्यानं काढले.
ते पीठ डब्यात झाकून ठेवलं,
आणि दर रविवारी त्यातलं मूठभर परत आत घातलं,
धरलं असेल एवढं बाळसं, अशा अंदाजानं.
मार्चात डबा संपला. कोठीवाल्यानं
काही न विचारता आणखी दिलं.

आणि घरी आल्यावर?

अंदाज चुकला होता, तो म्हणाला.
बेटी जड निघाली.
ओस्लाला यातलं बोलू नकोस.

मी बोलले नाही. आता दोघंही नाहीत.
तारयंत्र तर कधीच नेलं.
त्या पोरीच्या नातीला परवा मुलगा झाला, ॲबर्डीनला.
फोनवर बोलायला पैसे लागत नाहीत,
तिची आई अर्धा तास बोलत होती,
डॉक्टर, कळा, पाळण्याचा रंग.
सगळं ऐकून घेतलं, आणि मग राहवेना म्हणून
मधेच तोडून विचारलं,
ते राहू दे, किती भरलं?

आणि ती आकडा सांगेपर्यंत
माझा मोकळा हात
मांडीवर उताणा होऊन
वाट बघत होता.